खारपाणपट्ट्यात समुद्र: वाघ्या, मुरळ्या आणि मी

आमच्या तालुक्याचं नाव दर्यापूर. दर्या आहे तो नावातच. खरा समुद्र गाठायचा तर मूर्तिजापूरला जाऊन रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. पाणी मात्र आमचं खारं. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलाय, आणि आमचं गाव त्याच्या ऐन मधात. म्हणून लायनफिश हा शिकारी मासा आणि कोळंबी पाळायला घरात समुद्राच्या पाण्याची टाकी मांडायचं मी काढलं, तेव्हा मामाजींचा पहिलाच प्रश्न रास्त होता.

"सूनबाई, आपल्या इथं खारं पानी कमी हाय काय, तं तू इकतचं मीठ आणून राह्यली?"

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आमच्या बोअरच्या लिटरभर पाण्यात माझ्या मीटरनं २.८ ग्रॅम दाखवले. माणसाला प्यायला ते फार, समुद्री माशाला काहीच नाही, आणि त्यातल्या क्षारांचं प्रमाणही भलतंच. म्हणजे आधी हे खारं पाणी गोडं करायचं, मग विकतच्या मिठानं पुन्हा खारं करायचं. मामाजींना हे समजावून सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि उठून वावरात गेले.

मी गावात मेडिकल चालवते. घर दुकानाच्या मागंच. मोजणं, नोंदी ठेवणं, तारीख टाकणं ही हाताची सवय, ती या वर्षभरात फार कामी आली. खाली लिहितेय ते त्या वहीतूनच.

टाकी आली १७ नोव्हेंबर २०२४ ला. तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. खाली दोन फुटांची गाळणीची टाकी, तिला या छंदातले लोक संप म्हणतात. काच, लोखंडी स्टँड आणि आणायचं भाडं धरून २४,००० रुपये. मग दिवा ११,०००, पाण्यातली घाण फेसासोबत वर काढणारा स्किमर ९,५००, पाण्यातले क्षार काढणारा आरओ आणि डीआयचा संच ८,५००, तपासणीची किट्स ६,८००. पंप, हीटर, खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, दगड, २० किलो मीठ हे सगळं धरून एकही जीव आणायच्या आधी ८१ हजारांच्या वर गेले. वर्षभर भिशीचे पैसे साठवले होते. ज्यांना वाटतं की वीसेक हजारांत होईल, त्यांनी गोड्या पाण्याची टाकी करावी. तीही सुंदर दिसते आणि झोप लागते.

मला हवा होता लायनफिश. मोठा लायनफिश फूटभराच्या वर वाढतो, माझ्या टाकीत तो मावणं शक्य नाही. त्याचा बुटका भाऊ मिळतो, फझी ड्वार्फ लायनफिश. तो सहा-सात इंचांवर थांबतो. पंखासारखे कल्ले पसरून दगडाखाली उलटा लटकून बसतो, भक्ष्य जवळ आलं की कल्ल्यांनी कोपऱ्यात रेटतो आणि तोंड उघडून एका झटक्यात ओढून घेतो. चावणं वगैरे नाही, सरळ गिळणं. जंगलात... म्हणजे समुद्रात, त्याचं मुख्य खाणं कोळंबी आणि खेकडे. आणि मला त्याच टाकीत क्लीनर श्रिंप हवे होते, म्हणजे माशांचं अंग टिपून साफ करणारी कोळंबी, लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेली. दोन्ही एकत्र ठेवू नका, असं मी जिथं विचारलं तिथं सांगितलं गेलं. ठेवता येतात, असंही दोघांनी सांगितलं. त्या दोघांचीही एक-एक कोळंबी गेलेली होती, हे त्यांनी नंतर सांगितलं.

त्याआधी कागदांचं. हे वगळून पुढं जाऊ नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये दगडी प्रवाळ, सी-फॅन, समुद्रघोडा, समुद्रकाकडी हे सगळे आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. मेलेल्या प्रवाळाचे खडक 'लाइव्ह रॉक' म्हणून कुणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका. परदेशातून आलेला दगडी प्रवाळ म्हणाल, तर तो वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या यादीत येतो, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असा जीव ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावा लागतो. माझ्या यादीत यातलं काहीच नव्हतं, तरी खात्री करावी म्हणून अर्ज लिहून निघाले. पहिल्या कार्यालयात म्हणाले, मासा आहे ना, मग मत्स्यव्यवसायवाल्यांकडं जा. तिथं म्हणाले, आमच्याकडं तळ्यातले मासे, समुद्राचं आम्ही काय सांगणार. पुन्हा पहिल्या ठिकाणी. दोन फेऱ्या, दोन सुट्ट्या, एसटीचं भाडं. दुसऱ्या फेरीत एका शांत साहेबांनी यादी काढली, बोट फिरवत पाहिली आणि म्हणाले, "तुमचा मासा यात नाही. पण बिल जपून ठेवा मॅडम, आणि प्रवाळाच्या भानगडीत पडू नका." अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. तो कागद आणि सगळी बिलं आजही टाकीच्या खालच्या कप्प्यात आहेत. तुम्ही घ्याल तेव्हा त्या दिवशीची यादी स्वतः पाहा, ती बदलत असते.

म्हणून माझे दगड चिनीमातीचे. दगडी प्रवाळाच्या जागी मशरूम आणि एक लेदर, दोन्ही मऊ प्रवाळांतले, दोन्ही नागपूरच्या एका हौशी माणसाच्या टाकीत वाढलेले तुकडे. झोअँथिड नावाचे फुलांसारखे मऊ जीव फार सुंदर दिसतात, पण त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या बाईनं घरात लहान पोरगी असताना ते आणू नये, असं माझं मत. कुणाचं वेगळं असेल.

८ डिसेंबरला पाणी भरलं. शहानूर धरणाचं नळाचं पाणी आलं त्या दिवशी ड्रम भरून घेतले, कारण बोअरचं पाणी आरओला लावलं तर मेंब्रेन फार लवकर जातं. नळाच्या पाण्याचं टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, २४०, आरओ-डीआयमधून शून्य. मग मीठ. सगळं मिळून १८० लिटरला पावणेसात किलोच्या आसपास लागलं. खारटपणा मोजायला हायड्रोमीटर घेऊ नका, त्याच्या काट्याला हवेचा बुडबुडा चिकटला तरी आकडा फिरतो.

मग वाट पाहणं. टाकीत जिवाणू बसायला हवेत, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे. मी अमोनियम क्लोराइड मोजून टाकलं आणि रोज रात्री दुकान बंद केल्यावर पाणी तपासायची नळी हलवत बसले. ४० दिवस. टाकीत दगड आणि पाणी, बाकी काही नाही. येणारे-जाणारे विचारायचे, "मासे कुठी गेले जी?" गल्लीतल्या एका आजींनी तर मासे मेले समजून समजूत काढली. १७ जानेवारीला अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. त्या रात्री नवऱ्यानं पहिल्यांदा खुर्ची ओढून टाकीसमोर बसकण मारली, बघायला काही नसताना.

फेब्रुवारीत बिनकण्याचे प्राणी आले. हा क्रम महत्त्वाचा: शिकारी सगळ्यांत शेवटी. आधी आलेल्या कोळंबीला लपायच्या जागा माहीत होतात, आणि नव्यानं आलेल्या माशाला ती घरातलीच वस्तू वाटते. उलटं केलं तर पिशवीतून सोडलेली कोळंबी म्हणजे ताटात वाढलेलं जेवण. सहा गोगलगायी, चार शंखातले खेकडे, एक सी अर्चिन आणि तीन क्लीनर श्रिंप मागवले, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सलनं. खोकं २२ तासांनी हाती पडलं. एक कोळंबी आडवीच होती. पैसे परत मिळाले नाहीत, कारण पिशवी उघडतानाचा व्हिडिओ मी काढला नव्हता. तुम्ही काढा. उरलेल्या दोघींना दोन तास थेंब-थेंब पाणी देत टाकीच्या पाण्यावर आणलं. क्षारांतला फरक माशाला एक वेळ सोसतो, कोळंबीला नाही. पोरीनं दोघींचं नाव ठेवलं मुरळ्या. "मासा आला की तो वाघ्या," ती म्हणाली.

वाघ्याला आणायला मी स्वतः मुंबईला गेले. एका कोळंबीनं शहाणी केली होती. दुकानदाराला म्हटलं, माझ्यासमोर खायला घाल. त्यानं जिवंत कोळंबी टाकली, वाघ्यानं गिळली. मेलेली टाकली, तर ढुंकूनही पाहिलं नाही. २,८०० रुपये. दुहेरी पिशवी, ऑक्सिजन, थर्माकोलचं खोकं, आणि रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसमध्ये बर्थखाली. समोरच्या काकांनी विचारलं, काय आहे? मी म्हटलं, औषधं. विषारी काटे असलेला मासा सांगितला असता तर डबाभर कुणी झोपलं नसतं. ३ मार्चला सकाळी मूर्तिजापूरला उतरले. मार्चच्या सुरुवातीला आणलं ते ठरवून, उन्हाळा चढायच्या आत.

पहिला महिना तो वेगळ्या ६० लिटरच्या टबात राहिला. आजार असला तर माशावर तांब्याचं औषध चालतं, पण तेच कोळंबी-गोगलगायींचा जीव घेतं. म्हणून औषधाची टाकी आणि मुख्य टाकी वेगळी. बादल्या, नळ्या, जाळीसुद्धा वेगळी. औषधाची गरज पडली नाही. गरज पडली ती त्याला मेलेलं खायला शिकवायची.

इथं पूर्णा नदी कामी आली. नदीवर जाळं टाकणाऱ्या भोईदादांना सांगून ठेवलं, तर ते डबकीभर जिवंत झिंगे द्यायचे, पन्नास रुपयांत. "मॅडम, एवढुशा झिंग्याचं कालवण होते काय?" त्यांना वाटायचं मी भाव पाडायला कारणं सांगतेय. झिंगे घरी चार दिवस स्वच्छ पाण्यात ठेवायचे, कारण आमचा भाग कपाशीचा, आणि कपाशीवर जे फवारतात त्यातलं बरंचसं झिंग्या-खेकड्यांच्या कुळावर उठलेलं असतं. मग रोज एक झिंगा. आठव्या दिवशी मेलेला झिंगा काडीच्या टोकाला लावून पाण्यात थरथरवला. नाही खाल्ला. नवव्या दिवशी नाही. दहाव्या, अकराव्या दिवशी उपाशीच ठेवला, आणि माझ्याच पोटात कालवाकालव. १६ मार्चला काडीवरचा झिंगा असा काही ओढला की काडी हातातून सुटली. पुढच्या आठवड्यात झिंग्याच्या जागी समुद्राची कोळंबी, मग म्हाकुलाचे तुकडे. गोल्डफिश वगैरे जिवंत मासे खायला घालू नका. गोड्या पाण्यातल्या माशांची चरबी याला मानवत नाही, आणि जिवंतची चटक लागली की टाकीतल्या शेजाऱ्यांवर नजर जाते.

काट्यांबद्दल. पाठीवर, पोटाखाली आणि शेपटीजवळच्या काट्यांत विष असतं. टाकीत हात घालण्याआधी तो कुठं आहे ते पाहायचं, दिसत नसेल तर हात घालायचा नाही. लागलंच तर हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचं, कारण विषातलं प्रथिन उष्णतेनं मोडतं. आणि लगेच दवाखाना. पाणी किती गरम ते न लागलेल्या हातानं बघायचं, लागलेला हात बधिर असतो आणि भाजून निघतो. विंचवावर प्राझोसिन माझ्या दुकानात आहे, याचा उतारा नाही. हा मजकूर कागदावर लिहून टाकीच्या बाजूला चिकटवलाय, थर्मामीटर शेजारी टांगलाय.

५ एप्रिलला वाघ्या मोठ्या टाकीत गेला. त्याआधी पोट भरून खाऊ घातलं होतं. तो दहा सेंटिमीटरचा, मुरळ्या मिशा सोडून साडेपाच. नियम सोपा आहे, तोंडात मावतं ते खाद्य. तोंड मात्र दिसतं त्यापेक्षा फार मोठं उघडतं, त्यामुळे निम्म्याहून मोठी असली तरी कोळंबी सुरक्षित आहे असं कुणीही छातीठोक सांगू नये. मी रात्री दोनदा उठून टॉर्च मारला. सकाळी थोरली मुरळी त्याच्या गालाजवळ उभी राहून काहीतरी टिपत होती आणि तो तोंड किंचित उघडून स्तब्ध. मी दुकान अर्धा तास उशिरा उघडलं.

लगेच चूकही केली. एवढं जमलं म्हणून हौसेनं तीन पेपरमिंट श्रिंप आणले, अडीच-तीन सेंटिमीटरचे. दीड हजार रुपये, एक रात्र.

२१ एप्रिलला पहाटे टाकीच्या तळाशी मुरळीचं रिकामं कवच दिसलं. पाय, मिशा, सगळं. पोरगी रडली, मीही स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुरळी दगडाच्या फटीतून बाहेर आली, टवटवीत. तिनं कात टाकली होती. नवं कवच मऊ असतं तोवर ती लपते, आणि त्याच दिवसांत तिला सगळ्यांत जास्त धोका. म्हणून दगड रचताना माशाचं डोकं शिरणार नाही अशा अरुंद फटी ठेवा. माझ्याकडं त्या होत्या, पण ते माझं शहाणपण नव्हतं, दगड तसे बसले होते. मे महिन्यात वाघ्याच्या अंगावरूनही पातळ पापुद्रा सुटून तरंगला. मी बुरशी समजून घाबरले. लायनफिशही अधूनमधून वरचा थर टाकतात, हे तेव्हा कळलं.

मे. खरं सांगायचं तर शिकारी मासा या सगळ्यात सोपा निघाला, अवघड गेला तो आमचा उन्हाळा. बाहेर पारा ४४च्या पुढं, टाकीत ३१. पाणी थंड करणाऱ्या चिलरची किंमत ऐकून फोन ठेवला होता. संपच्या पाण्यावर दोन छोटे पंखे लावले, तर तापमान २७.५ वर आलं. आपली हवा कोरडी, पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत हेच पंखे एवढं काम करत नाहीत. पण एके दुपारी आकडा पुन्हा ३० वर. कारण सापडायला दोन दिवस लागले: मीच दारं-खिडक्या लावून खोलीत कूलर सोडला होता. कूलरनं हवा ओली झाली, पंखे निकामी. समोरची खिडकी उघडी ठेवायला लागल्यापासून कूलर आणि पंखे, दोघांचंही बरं चाललंय.

उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्यानं करायची, खाऱ्या नव्हे. मीठ उडत नाही. मेमध्ये रोज सात लिटर. सात लिटर शुद्ध पाण्यामागं वीस-एकवीस लिटर आरओचं सांडपाणी. आमच्याकडं पाण्याची काय किंमत आहे हे मला कुणी सांगायला नको, म्हणून ते सगळं भांडी, फरशी आणि संडासाला. कूलरमध्ये टाकू नका, जाळ्यांवर पांढरा थर धरतो.

२३ मेच्या संध्याकाळी वादळात खांब पडले. वीज १९ तास नव्हती. दुकानाचा इन्व्हर्टर १५० एएचचा, त्यावर इन्सुलिनचा फ्रीज. फ्रीज की मासा, हा प्रश्नच नव्हता. इन्सुलिन आधी. टाकीला नुसता एक दहा वॅटचा पाणी हलवणारा पंप त्यावर ठेवला, स्किमर, दिवा, पंखे बंद. पहाटे तीनला इन्व्हर्टर ओरडायला लागला, तेव्हा नवऱ्यानं ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली. मी वाटीनं पाणी उपसून वरून ओतत होते, हवा मिसळावी म्हणून. मामाजी उठून आले, पाहत उभे राह्यले, मग म्हणाले, "दे इकडं वाटी. तू जरा टेक." उजाडेपर्यंत त्यांनी ओतलं. जून लागायच्या आत टाकीसाठी वेगळी बॅटरी घेतली, १४,५०० रुपये. हा खर्च मी सुरुवातीलाच धरायला हवा होता.

पावसाळ्यात नवीनच. डासांसाठी गावात धुराची फवारणी आली. त्या धुरात बहुतेक पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं असतात, आणि कोळंबीला त्यांचा कणही पुष्कळ. घरातलं डासांचं लिक्विड मशीनही त्याच जातीचं. गाडीचा आवाज ऐकून खिडक्या लावल्या, टाकीवर ओली चादर टाकली, हवेचा पंप आणि पंखे दोन तास बंद केले, संपमध्ये पाणी शुद्ध करणाऱ्या कोळशाची पिशवी सोडली. निभावलं. नवरा फवारून आला की आंघोळ होईपर्यंत त्यानं टाकीजवळ यायचं नाही, हा आता घरचा कायदा.

सध्याचं वेळापत्रक: वाघ्याला आठवड्यातून तीनदा, डोळ्याएवढे दोन-तीन तुकडे. तो रोज भिकाऱ्यासारखा काचेशी येतो, देऊ नका, लठ्ठ होतो. त्याच्या मांसाहारामुळं नायट्रेट चढतं, म्हणून दर रविवारी २७ लिटर पाणी बदलते. मशरूमना थोडं नायट्रेट चालतं, लेदर कधी कधी रुसतो. मीठ महिन्याला साधारण १,४५० रुपये, वीज नऊशेच्या आसपास, खाणं अडीचशे.

ऑक्टोबरात धाकटी मुरळी दिसेनाशी झाली. या वेळी कवचही सापडलं नाही. आठ दिवस वाट पाहिली, दगड हलवले नाहीत. वाघ्यानं खाल्ली की कात टाकताना गेली, ते कळायला मार्ग नाही. त्या आठवड्यात त्यानं एक जेवण नाकारलं होतं, एवढंच वहीत आहे.

थोरली आहे. तिच्या जोडीला दुसरी आणावी असं पोरीचं म्हणणं. मामाजी म्हणतात, "वाघासमोर शेळी बांधून कायले पाप घेतं?" वाघ्या आता तेरा सेंटिमीटरचा झालाय, काचेबाहेरून पट्टी धरून मोजलाय. मुरळी साडेसहाची. डिसेंबरात दोघांनाही पुन्हा मोजणार आहे, तोवर नागपूरच्या त्या हौशी माणसाला विचारून ठेवलंय, गरज पडली तर तो तिला सांभाळेल का. तो म्हणाला, खोकं घेऊन या, फक्त रविवारी नका येऊ.